पत्त्याचा मक्ता

घरातला संगणक आणि त्याच घरातला राउटर यांच्यातील अबोला हा गृहकलहाचा बराच अलीकडचा प्रकार असल्यामुळे त्याची मीमांसा जुन्या ग्रंथांत सापडत नाही, आणि नव्या माहितीपुस्तिकांत जी सापडते ती इतक्या बारीक अक्षरांत छापलेली असते की तिच्याआधी चष्मा शोधावा लागतो. राउटर म्हणजे बाहेरून तारेने आलेली इंटरनेटची एकच जोडणी घरातल्या अनेक यंत्रांना वाटून देणारा, डोक्यावर दोन-चार काड्या असलेला डबा. आदिलाबादच्या मराठी घरात त्याचे खरे नाव तक्रार नोंदवताना तेवढे उच्चारले जाते, एरवी तो ‘डब्बा’च. हातभर अंतरावरच्या या डब्ब्याशी संगणकाने बोलणे टाकले की घरचे लोक कारण विचारायला थेट हैदराबादला फोन लावतात. रोग मात्र बहुधा त्या हातभर अंतरातच दडलेला असतो.

पहिला संशय पासवर्डवर घ्यावा. तो डब्ब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर छापलेला असतो आणि डब्बा भिंतीवर उंच ठोकलेला असतो, त्यामुळे एकाने स्टुलावर चढून, मान वाकडी करून तो वाचायचा आणि दुसऱ्याने खाली बसून टाइप करायचा, अशी श्रमविभागणी आपोआप ठरते. मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू ज्या घरात एकाच वाक्यात सुखाने नांदतात, तेथे शून्याला शून्य, सुन्ना आणि सिफर अशी तीन नावे हाताशी असतात. परंतु चिठ्ठीवरचे ते वर्तुळ मुळात शून्य आहे की इंग्रजी ‘ओ’, हे ठरवताना तिन्ही भाषा सारख्याच निरुपयोगी ठरतात.

पासवर्ड निर्दोष सुटला तर लहरींची चौकशी करावी लागते. वायफाय, अर्थात तारेविना होणारी जोडणी, प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला एक अब्ज आंदोलने. जुन्या संगणकाच्या पाठीत खोचलेल्या स्वस्त वायफाय-खुंटीला यांपैकी २.४ तेवढेच ऐकू येते, आणि ५ च्या पट्टीतले जे नाव मोबाइलवर ठळक दिसते ते तिच्या लेखी जगातच नसते. घरचे मात्र मोबाइलची साक्ष ग्राह्य धरून संगणकाला खोटे पाडतात. मे महिन्यात या वादात कूलर उतरतो. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते, आणि कूलर म्हणजे पाण्याने भरलेला पत्रा. तरीही पारा ४४-४५ अंशांवर असताना कूलर सरकवून डब्ब्याला वाट करून द्यावी, हा ठराव कोणत्याही घरात अद्याप संमत झाल्याचे ऐकिवात नाही.

खरी गुंतागुंत यापुढे सुरू होते. पासवर्ड बरोबर आहे, लहरीही पोचताहेत, आणि तरी पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण बसून आहे, असे दिसले तर प्रश्न पत्त्याचा असतो. घरातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. तो कायमचा मिळत नाही, डब्बा तो मुदतीच्या मक्त्याने देतो, आणि हा व्यवहार चार वाक्यांत उरकतो. संगणक विचारतो, जागा आहे का. डब्बा म्हणतो, अमुक क्रमांकाची रिकामी आहे. संगणक म्हणतो, तीच द्या. डब्बा म्हणतो, दिली, मुदत एवढी. ज्या जगात भाड्याची खोली अनामत रक्कम आणि खाण्यापिण्याच्या सवयींची उलटतपासणी यांखेरीज मिळत नाही, त्या जगात हा करार आदर्शवतच मानला पाहिजे.

यंत्र जागचे न हलता त्याचा पत्ता बदलू शकतो, ही कल्पना अन्य प्रांतांत उदाहरणे देऊन समजावावी लागते. आदिलाबादकरांना ती उपजत कळते. ओसरीची एक वीटही न हलता येथल्या घराचा पत्ता १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ रोजी तेलंगणात आला; ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले, तर किनवट आणि राजुरा हे एके काळचे याच जिल्ह्याचे तालुके १९५६ सालीच मुंबई राज्याकडे गेले होते. संगणकांना मक्त्याने पत्ते वाटण्याचे नियम १९९३ साली प्रथम लिहून काढण्यात आले, म्हणजे या शास्त्रात आदिलाबाद जगाच्या ३७ वर्षे पुढे होते. तेलंगणातले केरामेरी आणि महाराष्ट्रातले जिवती यांच्या दरम्यानच्या डोंगरातली चौदा गावे तर, जी तेलंगणाच्या दप्तरी २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होती, याहून एक पाऊल पुढची आहेत: दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत नावे, आणि घरात दोन शिधापत्रिका. एका घराला दोन पत्ते असूनही तेथे चूल रोज पेटते. इकडे दोन यंत्रांना चुकून एकच पत्ता मिळाला, तर संगणक लगेच संघर्षाची घोषणा करतो.

डब्ब्याकडून उत्तरच आले नाही, तर संगणक गप्प राहत नाही. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होणारा एक पत्ता स्वतःच स्वतःला बहाल करतो आणि, पट्टा हाती येण्याआधी प्लॉटवर नावाची पाटी ठोकणाऱ्याच्या थाटात, आपण जोडलेलो आहोत असे सांगू लागतो. वीज जाऊन आल्यावर हा प्रकार हमखास घडतो, कारण दोघेही एकाच क्षणी जागे होतात, परंतु डब्ब्याला पुरते भानावर यायला दोन-तीन मिनिटे लागतात. तोवर संगणकाचे विचारून, वाट पाहून आणि रुसून झालेले असते.

या रुसव्यावर शास्त्राने स्वतःच उतारा ठेवला आहे: विंडोजवर चालणारा संगणक साधारण दर पाच मिनिटांनी डब्ब्याला पुन्हा तोच प्रश्न विचारतो, म्हणजे कोणी काहीही न केले तरी पत्ता मिळतो. परंतु काही न करणे हा उपाय एकत्र कुटुंबात अमलात येत नाही. त्या पाच मिनिटांत मुलगा वायर उपटून पुन्हा खोचतो, सून डब्ब्यावरची धूळ पुसते, वडील ‘अन्ना, जरा येऊन बघता का’ म्हणून केबलवाल्याला फोन लावतात, आणि आजोबा स्टुलावर चढून डब्ब्याची उभी काडी उत्तरेला, म्हणजे पैनगंगेकडे, फिरवतात. उभी काडी चहूबाजूंना सारख्याच लहरी सोडत असल्यामुळे जागच्या जागी फिरवून तिच्यात काहीच फरक पडत नाही. त्रिकोण मात्र नेमका तेव्हाच नाहीसा होतो, आणि तेव्हापासून त्या काडीला हात लावण्याची घरात कोणालाही, केबलवाल्या अन्नालासुद्धा, परवानगी उरत नाही.