लेखी संमती, रिकामं पोट

कामगाराच्या भुकेचा कायद्यानं फार बारकाईनं विचार केला आहे. नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाना कायद्यात पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, जादा कामाला दुप्पट मजुरी आणि २५०हून जास्त कामगार असतील तिथं कॅन्टीन होतं. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या चाळीस माणसांच्या शेडमध्ये भूकही त्याच प्रमाणात कमी लागत असावी! जेवणभत्त्याचं मात्र त्यात कलमच नव्हतं. तो मालकाच्या मर्जीचा, नाहीतर युनियनच्या कराराचा मामला.

सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळानं रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली. जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी, असंही ठरलं. पोटाची संमती घ्यायची तेवढी राहून गेली. तास वाढले, डबा तेवढाच. नागपूरच्या उन्हात सकाळची भाजी दुपारीच आंबते. मग गेटबाहेरच्या टपरीवर तर्री-पोहे, तेही स्वतःच्या खिशातून. आत एसी केबिनमध्ये उत्पादकता वाढवण्यावर तासाभराची बैठक चालते. समोसे, काजू आणि चहा कंपनीच्या खर्चानं, व्हाउचरसकट.

मालक हो, बारा तास हवे असतील तर खुशाल घ्या. फक्त दुसऱ्या जेवणाचे पैसे पगाराच्या स्लिपवर दिसू द्या.