सतरा मेची दोन तिकिटं

१७ मे २०२५च्या आयपीएल मॅचची दोन तिकिटं मला विकणाऱ्यास,

तुझं नाव मला माहीत नाही. माझ्या फोनमध्ये तू 'टिकेट अण्णा' आहेस. तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून जे तुला एकट्याला सांगायचं होतं ते आता चारचौघांत सांगतो.

आधी हिशेब. जिगणीच्या कारखान्यात मी वीस वर्षं स्टोअर सांभाळतोय, पण तुझ्याइतका पक्का हिशेब कुणाचा पाहिला नाही. तिकिटावर दर स्वच्छ दिसत होता, ३,३००. दोन तिकिटांचे तू ६,६०० भरलेस. मला विकलीस ९,५००ला एक, म्हणजे १९,०००. मॅच झाली असती तर तुला १२,४०० सुटले असते. पण मॅच झालीच नाही, एक चेंडूसुद्धा पडला नाही. आरसीबी संघाने सगळे पैसे परत देऊ असं जाहीर केलं, आणि डिजिटल तिकीट ज्या खात्यावरून काढलं त्याच खात्यात पैसे जाणार होते. ते खातं तुझं. म्हणजे पाऊस पडला म्हणून तुला आणखी ६,६०० मिळाले. त्या रात्री हजारो माणसं आभाळाकडे बघून हात जोडत होती. पाऊस लागून राहिला तर ज्याचा फायदा होता, असा माणूस तू.

आता तू कुणाला लुबाडलंस ते ऐक.

मी मूळचा निपाणीचा. बंगळुराजवळच्या आनेकलला आलो तेव्हा घरात मराठी, गल्लीत कन्नड, पाच-सहा मैलांवर तमिळनाडूची हद्द आणि कारखान्यात हिंदी, अशी सगळी सरमिसळ होती. या मुलखाशी माझी सोयरीक कशाने जुळली असेल तर आरसीबीने. १८ एप्रिल २००८ला आयपीएलची पहिली मॅच बंगळुराच्या चिन्नस्वामी मैदानावर झाली. कोलकात्याच्या मॅकलमने १५८ धावा ठोकल्या आणि आपण ८२ मध्ये गारद झालो. कप्तान राहुल द्रविड होता. मराठी घरातला, बंगळुरात वाढलेला. मला वाटलं, हा संघ माझ्यासारख्याचाच आहे. कल्याणचा माझा मेहुणा मुंबईवाला. त्याच्या संघाने पाच वेळा कप नेला, आणि दर वेळी त्याचा फोन आला. २००९, २०११, २०१६ अशा तीन फायनल आपण हरलो. २०१६ची तर चिन्नस्वामीवर, आठ धावांनी. तरी दर मार्चमध्ये आमच्या गल्लीतली पोरं 'ई साला कप नमदे', या वर्षी कप आपलाच, म्हणायची आणि मीही म्हणायचो.

२०२५च्या उन्हाळ्याची सुरुवातच जड झाली. २२ मार्चला कोलकात्यात पहिली मॅच होती. त्याच संध्याकाळी आमच्या तालुक्यात हुस्कूरच्या मद्दूरम्माच्या जत्रेत वारा-पावसात शंभर फुटांहून उंच रथ कोसळला आणि जीव गेला. आपण सात गडी राखून जिंकलो, पण गल्लीत कुणी टीव्हीचा आवाज वाढवला नाही. मग चेपॉकला जिंकलो, २००८नंतर पहिल्यांदा. ७ एप्रिलला वानखेडेवर बारा धावांनी जिंकलो, दहा वर्षांनी. त्या रात्री मेहुण्याला फोन मी लावला. त्याने उचलला नाही.

मात्र घरच्या मैदानावर आपलं काही चालेना. गुजरातकडून हरलो, दिल्लीकडून हरलो, पंजाबविरुद्ध पावसाने मॅच चौदा षटकांची केली आणि तीही हरलो. बाहेर जिंकायचं आणि घरी हरायचं, हे माझ्या मुलीला कळेना. ती अकरा वर्षांची आहे. म्हणाली, "बाबा, आपण जाऊन ओरडलो तर जिंकतील." २४ एप्रिलला राजस्थानविरुद्ध हेझलवूडने एकोणिसाव्या षटकात एकच धाव दिली आणि दोन गडी काढले, अकरा धावांनी घरचा पहिला विजय आला. ३ मेला चेन्नईविरुद्ध दोन धावांनी. शेफर्डने चौदा चेंडूंत ५३ केल्या तेव्हा समोरच्या दर्शिनी हॉटेलात कॉफी देणारा पोरगा कप ट्रेमध्ये तसेच ठेवून उभा राहिला होता.

या सगळ्या मॅच आम्ही फोनवर, दर्शिनीत नाहीतर शेजारच्या घरात पाहिल्या. मैदानात जायचं म्हणजे तिकीट हवं, आणि तिकीट मिळवायची माझी रीत सरळ आहे. विक्री उघडायच्या आधी अर्धा तास फोन चार्ज करून बसायचं. रांगेत नंबर येतो, तुमच्या पुढे इतके लाख लोक. तो आकडा उतरताना बघत राहायचं. सुपरवायझरची परवानगी घेऊन मी स्टोअरच्या मागे बसलो होतो. माझा नंबर लागेपर्यंत सगळं संपलं होतं. दहा मिनिटांनी कारखान्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुझा मेसेज आला, 'सगळे स्टँड उपलब्ध'. एका खात्यावर मोजकीच तिकिटं निघतात, हे मला माहीत आहे. तुझ्याकडे किती खाती आहेत, कुणाकुणाच्या आधार कार्डावर घेतलेली सिम आहेत, हे तूच जाणतोस.

तुला ही संधी कुणी दिली, तेही सांगतो, कारण दोष एकट्या तुझा नाही. माझा एक भाचा अमेरिकेत असतो, त्याने मला बेसबॉलचं वेड लावायचा प्रयत्न केला होता. तिथे एकेका संघाच्या हंगामात १६२ मॅच असतात, त्यातल्या ८१ घरच्या मैदानावर. आज जमलं नाही तर परवा जा. तिथे उन्हाळाभर माणूस आपल्या संघामागे जाऊ शकतो, पोराबाळांना घेऊन, साध्या नोकरीच्या पगारात. आपल्याला घरच्या मॅच सात. २०२५मध्ये त्यातलीही एक पावसाने गिळली आणि २३ मेची हैदराबादविरुद्धची मॅच पावसाच्या अंदाजावरून लखनौला गेली. सातातल्या पाच उरल्या. मैदानात माणसं मावतात पस्तीस-चाळीस हजार, आणि शहर एक कोटीहून जास्त माणसांचं. तुझं पोट या तुटवड्यावर भरतं. जास्त जागा, जास्त मॅच आणि माणसाच्या नावावरचं तिकीट, एवढं झालं तर तुझा धंदा एका उन्हाळ्यात बसेल. हे ज्यांच्या हातात आहे त्यांनीही हे पत्र वाचावं.

मग १२ मे उजाडला. विराट कोहलीने कसोटी क्रिकेट सोडलं. १२३ कसोटी, ९,२३० धावा, ३० शतकं. युद्धाच्या सावटाने आयपीएल आठवडाभर थांबली होती, आणि पुन्हा सुरू होणारी पहिलीच मॅच आपली होती, १७ मेला, कोलकात्याविरुद्ध, चिन्नस्वामीवर. लोकांनी ठरवलं, त्याच्यासाठी पांढरे कपडे घालून यायचं. लाल जर्सी त्या दिवशी घरी. तुझा दर लगेच वाढला. रविवारी ६,००० म्हणाला होतास, मंगळवारी ९,५००. मी विचारलं, एवढं कसं? तू लिहिलंस, 'व्हाइट मॅच आहे सार.' लोकांनी मनापासून जे ठरवलं होतं, त्याची तू किंमत ठरवलीस.

मी घेतली तिकिटं. काळ्या बाजारातून घेतली, ही माझी चूक, आणि ती मी घरी कबूल केली. मुलीला एकदा मैदान दाखवायचं होतं.

तिच्याकडे पांढरी जर्सी नव्हती. शाळेचा शनिवारचा पांढरा शर्ट होता. त्याच्या पाठीवर तिने लाल स्केचपेनने कोहलीचा १८ काढला. आधी पट्टीने पेन्सिलच्या रेघा मारल्या, मग आत रंग भरला, एक पेन संपलं तेव्हा शेजारच्या घरून दुसरं आणलं. दुपारी दोनला निघालो. चंदापुऱ्याला गाडी लावली, बस पकडली, इलेक्ट्रॉनिक सिटीचा पूल, सिल्क बोर्डची कोंडी, पुढे मेट्रो. कब्बन पार्क स्टेशनातून वर आलो तेव्हा रस्ताभर पांढरे शर्ट होते. म्हातारी माणसं, कॉलेजची मुलं, कडेवरची पोरं. तिने माझा हात घट्ट धरला. "बाबा, सगळे आलेत."

मग पाऊस आला. चिन्नस्वामीच्या मैदानाखाली पाणी ओढून घेणारी यंत्रणा आहे. २०१७ साली बसवली, जमिनीखालच्या नळ्यांतून पंप पाणी शोषतात. इतर मैदानांना दोन तास लागतील तिथे हे मैदान अर्ध्या तासात खेळायला तयार होतं. म्हणून आम्ही थांबलो. पण यंत्राला पाऊस थांबायला हवा, आणि तो थांबला नाही. नाणेफेकसुद्धा झाली नाही. आच्छादनांवर पाण्याची तळी साचली. साडेनऊला तिने मागे वळून विचारलं, "माझा अठरा दिसतोय का?" लाल रंग ओघळून कमरेपर्यंत आला होता, आणि आकड्याच्या जागी गुलाबी डाग. मी म्हणालो, दिसतोय. साडेदहाच्या सुमारास मॅच रद्द झाल्याचं सांगितलं. लोक तरी 'कोहली, कोहली' ओरडत होते. तीही ओरडली, आवाज बसेपर्यंत. आनेकलला पोचायला पावणेदोन वाजले.

पावसावर माझा राग नाही. राग त्यानंतरच्या दिवसांचा आहे. परताव्याची बातमी वाचून मी तुला मेसेज केला, ६,६०० आले की पाठव. तू लिहिलंस, 'हणा बंदिल्ला सार', पैसे आले नाहीत. आठवड्याने परत विचारलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मेसेजवर एकच टिक राहिली आणि तुझ्या नावासमोरचा फोटो गेला. त्या जागी करडं वर्तुळ. फोटो कोहलीचा होता, शतकानंतर बॅट उंचावलेला. तो फोटो लावायचा तुला अधिकार नव्हता.

बेसबॉलवाल्या भाच्याने मला एक गोष्ट सांगितली होती. तिथे एकोणिसाव्या शतकापासून 'रेन चेक'ची पद्धत आहे. पावसाने मॅच बुडाली तर ज्याच्या हातात तिकिटाचा तुकडा आहे त्याला पुढची मॅच बघता येते. हातात तुकडा असलेला माणूस, म्हणजे जो भिजला तो. इथे पैसे गेले तुझ्या खात्यात आणि भिजली माझी मुलगी.

पुढचं तुला माहीत असेल, कदाचित टीव्हीवर पाहिलं असशील. २७ मेला लखनौत २२८चा पाठलाग, अमरावतीच्या जितेश शर्माच्या तेहेतीस चेंडूंत नाबाद ८५. त्या रात्री मी निपाणीला, अमरावतीला, कल्याणला, जिथे जिथे माणूस आहे तिथे फोन लावले. ३ जूनला अहमदाबादेत पंजाबला सहा धावांनी हरवून अठराव्या वर्षी कप आला. कोहली मैदानावर गुडघ्यांवर बसून रडला. आमच्या गल्लीत शेजारच्या अज्जींनी रात्री बाराला आरती ओवाळली.

दुसऱ्या दिवशी चिन्नस्वामीवर विजयाचा सोहळा होता. मुलगी म्हणाली, चला. मी नाही म्हणालो. १७ मेच्या रात्री गेटमधून बाहेर पडताना गर्दीने तिला उचलून दोन पावलं पुढे नेलं होतं, तिचा पाय जमिनीला लागत नव्हता. ते मी विसरलो नव्हतो. ४ जूनला चिन्नस्वामीच्या गेटवर चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली, बहुतेक तरुण. ते का घडलं याची चौकशी झाली, आणि त्याचा दोष मी तुझ्या माथी मारत नाही. पण त्या गेटबाहेर कोण उभं होतं, हे मला माहीत आहे. ज्यांना हंगामभरात एकदाही आत जाता आलं नाही, ती पोरं. अठरा वर्षं मैदानाच्या बाहेरून ओरडलेली. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी तिकिटाचे नऊ हजार मागत नव्हतं.

त्यानंतर महिला विश्वचषकाच्या मॅचही इथून गेल्या, बहुतेक नवी मुंबईला. मेहुण्याने फोन केला, पण या वेळी तो चिडवायला नव्हता.

आता आमच्याच तालुक्यात, बोम्मसंद्राजवळ सूर्यनगरला, ऐंशी हजार माणसं बसतील असं मैदान बांधायचा प्रस्ताव सरकारने मान्य केला आहे. पिवळी मेट्रोही ऑगस्ट २०२५मध्ये बोम्मसंद्रापर्यंत आली. मैदान झालं तर मला सिल्क बोर्ड ओलांडावा लागणार नाही, मुलगी माझ्या गाडीवर मागे बसून मॅचला येईल. तूही येशील, नव्या नंबरने, नव्या फोटोने. माझ्या ग्रुपवर मेसेज टाकशील. तुझी लिहायची पद्धत मी ओळखतो, प्रत्येक ओळीच्या शेवटी 'सार'.

१९,००० मी राजीखुशीने दिले, ते मागत नाही. ६,६०० मात्र परत कर. ते पावसाचे पैसे आहेत आणि पावसात आम्ही होतो. ज्या नंबरवरून तुला पैसे आले, तो तसाच चालू आहे.

आनेकलहून,
जिगणीचा स्टोअरवाला