विटेवरचे दोघे

सिडको एन-सातच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे काकाच म्हणतात. निवृत्तीनंतर कुणी भजनी मंडळ धरतं, कुणी सकाळचं फिरणं धरतं. काकांनी स्पीकर धरले. टेबलावर ठेवायचे, चपलांच्या खोक्याएवढे दोन. याला दोन वर्षं झाली. जागा अजून ठरायची आहे.

माणसाच्या खिशात रुमाल असावा तसा काकांच्या खिशात टेप. "समभुज त्रिकोण!" ते बजावतात. "दोन टोकांना दोन स्पीकर, तिसऱ्या टोकाला आपलं डोकं. तिन्ही बाजू ९५ सेंटिमीटर." त्यांच्या खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूची वर्तुळं आहेत. झाडताना काकूंनी खुर्ची हलवली, तर त्या दिवशी घरात सुतक.

बारीक आवाज काढणारा छोटा पडदा कानाच्या उंचीला हवा, म्हणून दोन्ही स्पीकर विटेवर उभे. टेबलाची थरथर नको, म्हणून विटेखाली जुन्या स्लिपरचं रबर. तोंडं किंचित आत, श्रोत्याकडे वळलेली. आषाढी एकादशीला काकूंनी त्यांना हळदकुंकू वाहिलं, ते काकांना थट्टा वाटली नाही.

"भिंतीला चिकटवलं की आवाजाचं पोट सुटतं," म्हणून टेबल खोलीच्या मध्यात आलं. परिणामी कपाटाचं दार चार बोटं उघडतं आणि काकू त्यातून पातळ ओढून काढतात, विहिरीतून पोहरा काढावा तसं. एकदा मी वर्तमानपत्र मागायला गेलो, तर काकांनी माझ्या हातात आरसा दिला. "भिंतीवरून सरकवत न्या. मला खुर्चीतून स्पीकर दिसला की थांबा!" आरशात स्पीकर जिथे दिसतो, तिथूनच आवाज आपटून कानाकडे येतो म्हणे. दोन जागा सापडल्या. तिथे काकूंच्या दोन गोधड्या टांगल्या गेल्या.

"थंडीत मी भिंतीला टेकून झोपायचं का?" काकूंनी विचारलं. काका म्हणाले, "टेकू नकोस. घडी मोडेल."

त्यांचं खरं दुःख मात्र खोलीचं आहे. दहा बाय दहा! लांबी-रुंदी एकच, त्यामुळे ५६ हर्ट्झच्या आसपासचा एकच सूर दोन्हीकडून फुगतो. एक भिंत फूटभर सरकवायला काकांनी गवंडी बोलावला होता. काकूंनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

एकदा काका वेरूळला दहाव्या लेण्यात, त्या 'सुताराच्या झोपडी'त, पाहुण्यांना घेऊन गेले. लाकडी वाटाव्यात अशा दगडी फासळ्यांचं ते कमानदार छत, समोर बुद्ध. पाहुण्यांनी हात जोडले. काकांनी टाळी वाजवली, घुमणारा नाद शेवटपर्यंत ऐकला आणि खिन्नपणे म्हणाले, "इथे गोधड्या फार लागतील."

चाचणीला गाणं एकच: भीमसेन जोशींचा, पंढरीला माहेर म्हणणारा अभंग. पहिली ओळ लागते. काका उठतात, डावा स्पीकर दोन मिलिमीटर सरकवतात. पुन्हा पहिली ओळ. गल्लीतल्या पोरांना ती पाढ्यांच्या आधी पाठ झाली.

परवा अभंग सुरू झाला आणि खाली नळाला पाणी आलं. आमच्या शहरात पाणी येण्याच्या दिवसाला सणाचा मान आहे. काका धोतर सावरत बादल्यांकडे धावले. मी गुपचूप त्या खुर्चीत बसलो आणि खोटं का बोलू, अंगावर काटा आला. दोन विटांच्या मध्ये, जिथे भिंतीखेरीज काही नव्हतं, तिथे बुवा गात बसले होते. हात लांब केला असता तर गुडघ्याला लागला असता. मी हललो नाही. अभंग पुरा ऐकला.

काका ओलेचिंब वर आले. "कसं वाटलं?"

"काका, शेवटचा चरण काय लागतो हो!"

काका दचकले. "शेवटचा? तिथवर कोण जातं? कुणाचा आहे अभंग?"

"एकनाथांचा. शेवटी गुरूंचं नाव येतं ना, जनार्दनस्वामींचं. देवगिरीचे किल्लेदार."

दोन वर्षं इंचाइंचाने जागा शोधणारे काका गप्प झाले. एकनाथांचं पैठण इथून तासाभरावर, देवगिरी तर त्याहून जवळ. ते सावकाश खुर्चीत बसले. "लावा पुन्हा. आता मध्ये उठणार नाही."

मी लावला. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. काकांचे डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला त्यांचा हात हळूच खिशाकडे गेला.