आधी मुली मोजा

७ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक. मीराबाई चानूनं ४९ किलो गटात एकूण १९९ किलो उचलले: स्नॅचमध्ये ८८, क्लीन अँड जर्कमध्ये १११. कांस्यपदक गेलं २०० किलोंवर. स्पर्धेनंतर तिनं सरळ सांगितलं, पाळीचा तिसरा दिवस होता, अंगात अशक्तपणा वाटत होता.

हे कारण की सबब, यावर वाद घालणं सोपं आहे. त्या दिवशी ताकद खरंच घटते का, घटत असेल तर किती आणि कोणाची, हे विचारणं जास्त गरजेचं आहे. २०२० साली ७८ अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी उत्तर दिलं ते असं: पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी अगदी किंचित खाली येत असावी, पण बाईगणिक फरक मोठा आहे आणि बहुतेक अभ्यासांचा दर्जाच कच्चा आहे. म्हणजे जगातल्या उत्तम वेटलिफ्टरच्या प्रशिक्षकालाही या बाबतीत अंदाजावरच चालावं लागतं.

दर्जा कच्चा का राहिला, ते आकड्यांत दिसतं. २०१४ ते २०२० या काळात क्रीडाविज्ञानाच्या आघाडीच्या सहा नियतकालिकांत आलेले ५,२६१ शोधनिबंध एका गटानं तपासले. त्यांत अभ्यासल्या गेलेल्या माणसांपैकी स्त्रिया ३४ टक्के. फक्त पुरुषांवर केलेले अभ्यास ३१ टक्के, फक्त स्त्रियांवरचे ६ टक्के.

यावरचं ठरलेलं उत्तर मला संताप आणतं. बायकांची संप्रेरकं महिनाभर वर-खाली होतात, रक्त वारंवार तपासावं लागतं, खर्च वाढतो, निष्कर्ष गुंतागुंतीचे होतात. म्हणून पुरुष घेतले. अहो, जे शरीर घेऊन ती मैदानात उतरते, तेच तर समजून घ्यायचं आहे! गुंतागुंत आहे म्हणून ते अभ्यासातून वगळायचं आणि विशीतल्या तरुणांवरून काढलेला सराव, आहार आणि विश्रांतीचा तक्ता तिच्या हातात ठेवायचा, याला विज्ञान म्हणवत नाही.

आता आपल्या मैदानावर या. खो-खोतली मुलगी पाठलाग करत पूर्ण वेगात खांबाकडे येते, एका हातानं खांब धरते, अंग झोकून वळते. पाय मातीत रुततो, वरचं शरीर फिरतं, गुडघा आत वळतो. आतून ‘कट्’ असा आवाज येतो. मग शेक, मलम, नी-कॅप. सूज उतरली की मुलगी पुन्हा मैदानात आणि गुडघा पुन्हा निसटतो. एमआरआय होईपर्यंत मोसम गेलेला असतो. लिगामेंट गेलं, शस्त्रक्रिया करा, नऊ महिने ते वर्षभर थांबा. दहावी-बारावीच्या मुलीचा खेळ इथे सुटतो तो कायमचा. घरचे दुसऱ्यांदा पाठवत नाहीत.

धावता धावता एकदम थांबायचं आणि दिशा बदलायची, अशा खेळांत मुलींच्या गुडघ्यातलं हे लिगामेंट, म्हणजे एसीएल, तुटण्याचा धोका मुलांच्या दुपटीहून अधिक असतो, हे फुटबॉल-बास्केटबॉलमधून केव्हाच कळलं आहे. का, यावर अजून एकमत नाही. कोणी कमरेच्या रचनेकडे बोट दाखवतं, कोणी संप्रेरकांकडे. मला तिसरं उत्तर जास्त पटतं: मुलींना लहानपणापासून ताकदीचा सराव कमी, फिजिओ कमी, मैदान खराब आणि बूट दुसऱ्याच्या मापाचे. युरोपातल्या अव्वल क्लबांच्या महिला फुटबॉलपटूंना २०२३ मध्ये विचारलं, तेव्हा ८२ टक्के म्हणाल्या, बुटांमुळे त्रास होतो आणि त्याचा खेळावर परिणाम होतो. ही व्यावसायिक खेळाडूंची गत.

आणि मुलींचा अभ्यास केला की काय हाती लागतं, तेही पाहा. स्वीडनमध्ये १२ ते १७ वयाच्या ४,५६४ फुटबॉल खेळणाऱ्या मुलींचे दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांचा वॉर्म-अप दिला: एका पायावर बैठका, पोटाचे-कमरेचे व्यायाम, उडी मारून गुडघा सरळ ठेवत उतरणं. यंत्र नाही, औषध नाही. त्या गटात एसीएल तुटण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी निघालं. हा निष्कर्ष २०१२ सालचा आहे. आज आपल्या किती शाळांत खो-खोच्या सरावाआधी ही पंधरा मिनिटं दिली जातात? मैदानाला दोन फेऱ्या आणि हातपाय झटकणं, बहुतेक ठिकाणी वॉर्म-अप एवढाच असतो.

फुटबॉलचं उत्तर खो-खोला जसंच्या तसं लागेल, असंही धरून चालू नये. बसल्या जागेवरून उठून सुटणं, खांबावरचं वळण, सूर मारणं, कबड्डीत घोट्याला पकड बसलेली असताना मध्यरेषेकडे ओढणं, हे ताण वेगळे आहेत. ते युरोपात कोणी आपल्यासाठी मोजणार नाही. रक्ताचंही तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच वयात आपण त्यांना पहाटे पाच किलोमीटर पळवतो आणि दम लागला की स्टॅमिना वाढव म्हणतो. आधी हिमोग्लोबिन तपासा, मग ओरडा.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी जिंकला, कर्णधार आपली प्रियांका इंगळे. सत्कार झाले, ते व्हायलाच हवे होते. आता संशोधनाचे पैसेही याच खेळाकडे वळवा. फार लांब जावं लागत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली अस्थिरोग आणि फिजिओथेरपीचे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात, तो त्यांना लिहावाच लागतो. त्यातले पन्नास विषय खो-खो आणि कबड्डीच्या मुलींसाठी राखा. जिल्हा संघटनांनी दुखापतींची एकसारखी नोंदवही ठेवावी: तारीख, मैदान, पायात काय होतं, कोणत्या हालचालीत लागलं, किती दिवसांनी परतली.

पाळीची नोंद मात्र वेगळी ठेवायची. ती मुलीच्या मर्जीनं, अठराच्या आतली असेल तर पालकांच्याही संमतीनं, आणि नावाशिवाय अभ्यासकांकडे जावी. प्रशिक्षकानं ती मागू नये, निवड समितीला ती दिसू नये. ‘तिसरा दिवस आहे, हिला बसवा’ असं एकदा जरी झालं, तर पुढच्या वर्षी एकही मुलगी खरं लिहिणार नाही.