वीस आठवड्यांचे वकीलसाहेब

मे महिन्यात शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात खरा वकील ओळखायला फार अक्कल लागत नाही. त्याने कोट काढून हातावर टाकलेला असतो. सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून इतरत्र उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, असा बार कौन्सिलचाच नियम आहे. त्या उकाड्यात कोटाची सगळी बटणं लावून, टायची गाठ गळ्याशी आवळून, छातीशी फाईल धरून जो उभा असतो, ते आमचे भावी वकीलसाहेब. सवलत वकिलांसाठी आहे आणि ते अजून वकील झालेले नाहीत, त्यामुळे ती घेणं त्यांना प्रशस्त वाटत नाही.

पाच वर्षांचा लॉ करणाऱ्याने वीस आठवडे इंटर्नशिप केलीच पाहिजे, असं बार कौन्सिलचे २००८ चे नियम सांगतात. तीन वर्षांवाला बारा आठवड्यांत सुटतो. शिवाय एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर करायची नाही, अशीही अट आहे. त्यामुळे साहेब उन्हाळ्याची रीतसर वाटणी करतात. चार आठवडे सिनियरकडे, मग समाजसेवा, आणि उरल्यासुरल्या दिवसांत पुढच्या पिढीला मार्गदर्शन. पुढची पिढी म्हणजे त्यांच्याहून सहा-सात वर्षांनी लहान असलेली.

पण कॉलेजला सुट्टी लागते नेमकी तेव्हाच कोर्टालाही लागते, त्याला कोण काय करणार? मे महिन्यात दिवाणी कामकाज बंद आणि हायकोर्टही सुट्टीवर. चालू असतात ती रिमांड, जामीन अशी तातडीची कामं. साहेब घणाघाती युक्तिवाद ऐकायला आलेले असतात. त्यांना ऐकायला मिळतं, 'जूनमधली तारीख घेतली.'

मग उरतं चेंबर, आणि चेंबरमध्ये राज्य क्लार्ककाकांचं. सिनियर दिवसातून एकदा 'काय, कसं चाललंय?' एवढं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता निघून जातात. पानांवर नंबर कसे घालायचे, कोर्ट फी स्टँप कुठे लावायचा, पुरशिस म्हणजे काय आणि नक्कल विभागात कुणाशी गोड बोलायचं, हे सगळं शिकवतात काका. साहेबांना चेक न वटल्याच्या एका साध्या केसवर टिपण करायला दिलं होतं. त्यांनी सुरुवात केली १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यापासून. तेरा न्यायाधीश, संविधानाची मूलभूत चौकट, सगळं आलं. काकांनी चष्मा वर करून विचारलं, "बाळा, हे केशवानंद कोण? चेकवर सही त्यांची आहे का?"

साहेबांचा भर कलमांवर. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, याचा सर्वांत जास्त आनंद त्यांना झाला असावा, कारण त्या दिवसापासून सिनियर आणि ते एकाच इयत्तेत आले. कुणी '३०२' म्हटलं की ते दुरुस्ती करतात: खून आता १०३, ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावणं. हे अगदी बरोबर आहे. पण त्यांनी ही दुरुस्ती भर चेंबरमध्ये, अशिलासमोर, सिनियरना सुचवली. सिनियर शांतपणे म्हणाले, "गुन्हा २०२२ चा आहे. जुनंच कलम लागणार." त्यानंतर साहेब बराच वेळ पानांवर नंबर घालत होते.

समाजसेवेचा खरा कस लागला तो भोर तालुक्यातल्या एका गावच्या कायदेविषयक शिबिरात. साहेबांनी अनुच्छेद २१ वर भाषण तयार केलं होतं. जगण्याचा हक्क, प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क असं चढत चढत ते गेले आणि टाळ्यांसाठी थांबले. पुढे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ते समदं खरं रं लेकरा, पर शेजाऱ्यानं शेताच्या वाटंवर काट्या टाकल्यात, त्याचं काय ते सांग." साहेबांनी संविधान मनातल्या मनात पुढून मागून चाळलं. त्यात काट्या नव्हत्या. उत्तर दिलं मागे उभ्या असलेल्या तलाठीभाऊसाहेबांनी: मामलेदार कोर्ट कायदा, १९०६, कलम ५. तहसीलदाराकडे अर्ज करायचा, आणि तो वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शंभर वर्षांहून जुना हा कायदा आजींच्या रोजच्या उपयोगाचा. साहेबांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

मग साहेब मुलींच्या वाट्याकडे वळले. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. हे ते फार छान बोलले. इतकं छान, की पुरुषांच्या रांगेतून कुणीतरी "चहा झालाय" म्हणून पुकारा केला आणि सभा आपोआप बरखास्त झाली. जाताना नळापाशी दोघी-तिघींनी त्यांना गाठून हळूच विचारलं, "दादा, हक्कसोडपत्रावर सही झाली आसंल, तर?" या एका प्रश्नाने साहेब गप्प झाले, आणि माझ्या मते त्यांची इंटर्नशिप खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाली.

मार्गदर्शनाचा भाग सोसायटीच्या हॉलमध्ये पार पडला. दहा-बारा वर्षांची मुलं, विषय अभिरूप न्यायालय. खटला: जोशीकाकूंची काच क्रिकेटच्या बॉलने कुणी फोडली? आदल्या दिवशी साहेबांनी बाल न्याय अधिनियम, २०१५ शिकवला होता. आरोपी पिंजऱ्यात, म्हणजे दोन खुर्च्यांच्या मधे, उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, मी अकरा वर्षांचा आहे. मला या कोर्टात उभं करता येत नाही, बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. तुम्हीच सांगितलंत." न्यायाधीशबाई पाचवीतल्या. त्यांनी क्षणभर विचार करून पुढची तारीख दिली. काकूंची काच अजून तशीच आहे.

रात्री लिंक्डइनवर मात्र वेगळाच उन्हाळा उगवतो. पानांना नंबर घालणं तिथे 'दस्तऐवज व्यवस्थापन' होतं, काट्यांची वाट 'ग्रामीण भूमीविषयक संवाद' होते, आणि तारीख पडलेला खटला 'बालकांमध्ये न्यायजाणीव'. खाली आत्याचा अंगठा.

इतकं असूनही परवा एका गोष्टीत साहेबांनी बाजी मारली. वरच्या मजल्यावरचे काका फ्लॅट भाड्याने देताना ठासून सांगत होते, "अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी लागत नाही." साहेब नम्रपणे म्हणाले, "काका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. अकरा महिन्यांचा असला तरी करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि जबाबदारी घरमालकाची." काकांनी त्यांच्या वकिलाला फोन लावला. वकील म्हणाले, बरोबर आहे. काका तेव्हापासून लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

तेव्हा तुमच्या इमारतीत असा कुणी कोटवाला असेल, तर भाडेकरार त्याला जरूर दाखवा. जामिनाचं काम मात्र सनद असलेल्याकडेच न्या. आणि वकिलाची फी झेपत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा: स्त्रिया, मुलं, कोठडीतली माणसं आणि अशा इतर अनेकांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने वकील फुकट मिळतो.