सॉफ्ट का सॉलिड?

सिन्नरला आडव्या फाट्यावर चहा घेताना शेजारच्या बाकावरून कुणी ‘सॉफ्ट का सॉलिड?’ असं विचारलं, तर ते बिस्किटांबद्दल नाही. ते तात्या, आणि प्रश्न बंदुकीच्या गोळ्यांचा. उत्तर देऊ नये. दिलंत की दुसरा चहा तुमच्याच पैशानं होतो.

तात्यांच्या घरात वडिलांच्या वेळची परवान्याची .315 रायफल आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. त्या दिवशी तात्या इस्त्रीचा सदरा घालून, लेकीला सासरी पोचवायला निघाल्यासारखे गंभीर होऊन जातात आणि ठाणे अंमलदाराला बजावतात, “ओल नको लागायला हां, साहेब.”

“मूळ सांगतो,” हे त्यांचं पालुपद. मूळ असं, की हरणाला, बिबट्याला सॉफ्ट नोज. टोकाचं शिसं उघडं असतं, अंगात शिरलं की फुलतं, सगळा जोर आतच जिरतो. गव्याला, हत्तीला मात्र सॉलिड; वरचं कवच अखंड, त्यामुळे न फुलता हाड फोडून सरळ आत जाते. “आणि गव्याला सॉफ्ट मारली तर?” कुणीतरी चुकून विचारतं. “वरच फुलून अडकते. मग पुढचं भाषण गवा करतो.”

नुसती जाड गोळी म्हणजे मर्दुमकी, हे त्यांना मान्य नाही. कॉर्बेटनं 1926 साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या .275 रिग्बी रायफलीनं पाडला. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्यानं हजारावर हत्ती मारले, त्यांतले बरेचसे तेवढ्याच बारीक गोळीनं. “गोळी कुठं बसली ते बघा, केवढी होती ते नका बघू!” मग गाडी कलकत्त्याजवळच्या दमदमला जाते. फुलणाऱ्या गोळीला तिथल्या कारखान्याचं नाव पडलं आणि 1899 साली हेगच्या परिषदेत ती युद्धात वर्ज्य ठरली. “माणसाला वर्ज्य, हरणाला चालते. आहे का न्याय?”

तात्यांनी स्वतः काय मारलं? 1972 साली वन्यजीव कायदा आला तेव्हा तात्या शाळेत होते. “आपण थिअरीवाले,” ते म्हणतात.

प्रात्यक्षिक घरी होतं. काकूंनी मळून ठेवलेल्या कणकेत तात्या आधी पेन्सिल खुपसतात: “ही सॉलिड.” मग बोटं मिटून घुसवतात आणि आत पसरतात: “ही सॉफ्ट. बघ पोकळी केवढी झाली!” काकू परात ओढून घेतात. “अहो, त्या गोळ्याच्या पोळ्या व्हायच्यात अजून.”

मागे उसात बिबट्या शिरला. वन खात्याची माणसं भुलीची बंदूक घेऊन आली. तात्या हजर. “डॉक्टरसाहेब, वजन किती? वेग किती? फुलते का?” डॉक्टर म्हणाले, “फुलत नाही आणि आरपारही जायला नको. मांडीच्या स्नायूत औषध सोडायचं, बास.” बिबट्या काही मिनिटांत आडवा झाला. पिंजऱ्यात त्याची कूस वर-खाली होताना तात्या बराच वेळ बघत होते. “जनावर पडलं आणि जिवंत? यात कसला राम!” एवढंच पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर गर्दी होती. मधोमध तात्या.

“मूळ सांगतो. डार्ट कधी फऱ्यात मारायचा नाही. मांडी! मांडीच धरायची!”