चार मिनिटांचं विमान

शेवटी गाडं अडलं ते मॉनिटरवर. २४ इंची की २७ इंची?

बाकी सगळं तोवर ठरलं होतं. म्हणजे प्रस्तुत लेखकाच्या मुलीने ठरवलं होतं आणि प्रस्तुत लेखकाने ते आपल्याला आधीपासूनच माहीत असल्याचा चेहरा केला होता. वय ५१, आयुष्यात विमानप्रवास दोनदा, दोन्ही वेळा मधली सीट, अशा या गृहस्थाने महाबळेश्वरातल्या घरी बसून विमान चालवायचं मनावर घेतलं होतं. बाजारपेठेत सांगायचं कारण अर्थातच निराळं होतं. चार खोल्या पर्यटकांना भाड्याने देणाऱ्याने बुकिंगसाठी ‘जरा बरी सिस्टीम’ ठेवायला हवी, असं तो भेटेल त्याला सांगत सुटे. चार खोल्यांचं बुकिंग शंभरपानी वहीत तीन वर्षं मावतं आणि जून ते सप्टेंबर वहीसुद्धा उघडावी लागत नाही, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं. तेही खोल्याच भाड्याने देत असल्यामुळे कुणी काही बोललं नाही.

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर काही आजकालचा नाही. पहिली आवृत्ती १९८२ची. तेव्हा जमीन म्हणजे हिरवा पट्टा आणि डोंगर म्हणजे दोन तिरप्या रेघा. पण फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने ऑगस्ट २०२०मध्ये जी आवृत्ती काढली, तिने प्रौढ पुरुषांचे संसार धोक्यात आणले. बिंगच्या नकाशांतली आणि उपग्रहांची छायाचित्रं वापरून अख्खी पृथ्वी उभी केली. त्यासाठीची माहिती दोन पेटाबाइटहून जास्त. जगभरातले ३७,००० विमानतळ. वर प्रत्यक्ष चालू असलेलं हवामान. न्यूयॉर्कला पाऊस पडत असेल तर खेळातही पडणार. प्रस्तुत लेखकाला न्यूयॉर्कशी कर्तव्य नव्हतं. त्याला विल्सन पॉइंटवरून घिरट्या घालायच्या होत्या.

कंपनी अशा खेळांसोबत यंत्राच्या तीन याद्या देते: किमान, शिफारस केलेली आणि आदर्श. २०२०च्या खेळाला किमान ८ जीबी रॅम, शिफारस १६ची, आदर्श ३२. किमान यादी वाचून प्रस्तुत लेखक हरखला. मुलीने त्याला जमिनीवर आणलं. किमान यादी म्हणजे मुलाकडच्यांनी ‘आम्हाला काहीच नको, फक्त नारळ आणि मुलगी’ म्हणावं तसं. त्यावर विसंबून लग्नाला उभं राहू नये. (नोव्हेंबर २०२४मध्ये पुढची आवृत्ती आली, तिची नुसती शिफारसच ३२ची. नारळाचा भाव वाढला.)

मग ‘बॉटलनेक’ हा शब्द घरात आला आणि प्रस्तुत लेखकाने तो दत्तक घेतला. ग्राफिक्स कार्ड भारी आणि प्रोसेसर हलका घेतला, तर सुरूर फाट्यापासून वाईपर्यंत रस्ता सहापदरी करायचा आणि पुढे पसरणी घाट तसाच ठेवायचा, असला प्रकार. मे महिन्यातल्या शनिवारी सगळ्या गाड्या घाटाच्या तोंडाशी. विमानाच्या खेळात तर प्रोसेसरला वारा, ढग, पंखांवरचा दाब असले हिशेब एकसारखे करावे लागतात, म्हणून घाट रुंद हवा. हा दृष्टांत मुलीचा. प्रस्तुत लेखकाने तो पुढे किमान अकरा जणांना स्वतःचा म्हणून ऐकवला. त्यातल्या एकाने, ‘घाट रुंद होणार? कधी?’ असं विचारलं.

लॅमिंग्टन रोडवर दोघं यादी घेऊन गेली. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव असलेल्या या रस्त्यावर पाटीवरच्या नावाने कुणी पत्ता विचारत नाही आणि सांगितलेल्या भावात कुणी वस्तू घेत नाही. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० कार्ड, ३२ जीबी रॅम, १ टीबीची एसएसडी. कार्ड वापरलेलं घेतलं तर बरेच पैसे वाचत होते. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाने आपली रीत बदलली आणि ते ‘खणायला’ लावलेली कार्डं एका रात्रीत बेकार झाली. त्यांचा बाजारात पूर आला होता. “बाबा, ते कार्ड दोन वर्षं रात्रंदिवस राबलंय,” मुलगी म्हणाली. प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांसमोर रोज सगळे पॉइंट फिरवणाऱ्या जुन्या टॅक्स्या आल्या आणि त्याने नवं कार्ड घेतलं.

मॉनिटरपाशी मात्र बाप हट्टाला पेटला. २७ इंची हवा. त्याचा युक्तिवाद एकच: महाबळेश्वर मोठं आहे. मुलीने कागदावर आकडे मांडले. २४ इंचीच्या फुल एचडी पडद्यावर ठिपके २० लाख ७३ हजार. तिकडच्या २७ इंचीवर ३६ लाख ८६ हजार. फोर के घेतला तर जवळजवळ ८३ लाख. हे सगळे ठिपके कार्डाला दर सेकंदाला तीस-चाळीसदा नव्याने रंगवायचे. पडदा मोठा घेतला की कार्ड मोठं, कार्ड मोठं की पॉवर सप्लाय मोठा. दुकानदार मध्येच १६५ हर्ट्झचा मॉनिटर पुढे सरकवत होता. गोळीबाराच्या खेळात तो कामाला येतो, पण संथ उडणाऱ्या सेसना विमानाला सेकंदाला तीस-चाळीस चित्रं पुरतात. मिळणारच चाळीस, तर एकशेपासष्ट घेऊन करायचंय काय? २४ इंची, आयपीएस पडद्याचा, बेताचा मॉनिटर ठरला. साठ हजारांचं बजेट जॉयस्टिक धरून ऐंशीच्या घरात गेलं होतंच. आपलंही काही चाललं पाहिजे म्हणून प्रस्तुत लेखकाने शेवटी एक काटकसर स्वतःच्या अधिकारात केली. मुलगी मोठा यूपीएस म्हणत होती, त्याने सगळ्यात लहान घेतला. तो लोडवर चार मिनिटं चालेल, असं दुकानदार म्हणाला. चार मिनिटं म्हणजे खूप झाली, प्रस्तुत लेखक म्हणाला.

आता ओलीबद्दल. संगणकाच्या लेखात ओल कशाला, असं विचारणारा वाचक पावसाळ्यात महाबळेश्वरला राहिलेला नाही.

यंत्र कोणतं घ्यावं, याच्या चर्चा मुंबई-पुण्यातली कोरडी माणसं करतात. इथे पाऊस वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. २०२१च्या जुलैत तर एका दिवसात ५९४. पण पावसाचं एवढं काही नाही, तो निदान बाहेर पडतो. ढग घरात येतो. दार उघडलं की पाहुण्यासारखा आत येतो आणि पाहुण्यासारखाच जायचं नाव काढत नाही. मिठाच्या बरणीत खारं पाणी. काड्यापेटीची काडी ओढली की गुलाचा चिखल. लग्नातला चामडी पट्टा ऑगस्टपर्यंत हिरवा, बुटांना लव, आरशाला घाम. कपाटात पिवळा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवायचा, म्हणजे कपडे नुसतेच दमट राहतात. भिंती भिजू नयेत म्हणून घराला बाहेरून झडी बांधायच्या, पूर्वी गवताच्या, आता प्लॅस्टिकच्या. चार महिने घर पार्सलसारखं गुंडाळून पडलेलं. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळाभर इथे राही आणि पाऊस लागायच्या सुमारास बाडबिस्तरा उचलून पुण्याला जाई. साहेब कशात शहाणा होता, हा वाद वेगळा, पण यात होता. उलट पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२मध्ये इथे ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा थाटली. ढगाकडे जावं लागत नाही, ढगच टेबलावर येतो, अशी सोय दुसरीकडे कुठली मिळायला.

तर या ओलीत ऐंशी हजारांचं यंत्र ठेवायचं. प्रस्तुत लेखकाने आत सिलिकाच्या पुड्या ठेवल्या. त्या दोन दिवसांत तृप्त झाल्या. मग लक्षात आलं की कार्ड जोरात चाललं की १७० वॉट खातं आणि मागून चांगली गरम हवा सोडतं. ही बातमी घरात पसरायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात कॅबिनेटच्या मागे मोजे, मग रुमाल, मग पापडांचं ताट. “जरा विमान लाव रं,” असं आईने आतून सांगितलं की समजायचं, काहीतरी वाळत घालायचंय.

पहिलं उड्डाण पुण्याहून, लोहगावच्या धावपट्टीवरून. हवामान प्रत्यक्षातलं, महिना जुलै. प्रस्तुत लेखकाने बाजारपेठेतल्या दोन मित्रांना मुद्दाम बोलावलं होतं. ४,००० फुटांवर विमान स्थिर करून त्याने त्यांच्याकडे वळून पाहिलं. सुमारे पंचवीस मिनिटांनी, ढगात, विमान महाबळेश्वरवर आदळलं. पर्यटकांना ‘विल्सन पॉइंट, उंची १,४३९ मीटर’ असं दिवसातून दहा वेळा सांगणाऱ्या माणसाने त्याचे फूट कधी केले नव्हते. ते ४,७२१ होतात.

दुसऱ्या खेपेला उंची चुकली नाही. फक्त दिसलं काहीच नाही. विंडस्क्रीनवर पांढरं, खाली पांढरं, चोहीकडे पांढरं. कार्ड जिवाच्या आकांताने लाखो ठिपके रंगवत होतं, एकाच रंगाने. आई पापड उलटायला आली होती. तिने पडद्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

“खिडकीतनं फुकाट दिसतंय की ते.”

त्यानंतर हवामान हाताने बदलून ‘निरभ्र’ करण्यात आलं. मग मात्र मजा आली. पाचगणीच्या टेबललँडवर त्याने सेसना उतरवली. खेळात तिथे घोडेवाले नसल्यामुळे कुणी हटकलं नाही, भावही विचारला नाही.

एका संध्याकाळी आईने विचारलं, “माज्या म्हायेराला जातंय का हे?”

आईचं माहेर शिवसागरात आहे. तापोळ्याच्या खाली, कोयनेच्या खोऱ्यात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचं पाणी चढलं, तेव्हा ती दहाएक वर्षांची होती. प्रस्तुत लेखकाने हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्याला ते ऐकू येईनासं झालं होतं. त्याने उड्डाण थेट महाबळेश्वरच्या आकाशातूनच सुरू केलं आणि विमान दक्षिणेला वळवलं. पाचएक मिनिटांत डोंगरांच्या बोटांमधून पाणी दिसू लागलं.

आईने खुर्ची पुढे ओढली. नकाशा तिने आयुष्यात हातात धरलेला नाही. “वासोटा उजव्या हाताला ठेव,” ती म्हणाली. “बामणोली डाव्या अंगाला ऱ्हाऊ दे. आता सरळ.” विमानातला जीपीएस बंद केला असता तरी चाललं असतं. “थांब. हितं.”

खाली सपाट निळं पाणी होतं. फोटो काढणाऱ्या उपग्रहालाही त्याखालचं काही दिसलेलं नसणार. आई बोट ठेवून सांगू लागली. ही भातखाचरं, हे देऊळ, हा वाडा, हा नदीचा उतार, इथून पलीकडे बाजाराला जायचं. पडद्यावर बोटांचे ठसे उमटत होते. एरवी प्रस्तुत लेखक मॉनिटरला कुणाला हात लावू देत नाही.

कोयनेच्या लोकांना जमिनी मिळाल्या त्या सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडात, आणि सगळ्यांना मिळाल्याही नाहीत. प्रस्तुत लेखकाचे मामा सोलापूरकडे गेले. गुडघाभर चिखलात भात लावणारी माणसं, एकदम कोरड्या काळ्या रानात. पुनर्वसनाच्या मागणीसाठी कोयनानगरला २०१८मध्येही ठिय्या आंदोलन झालं. तिथे बसलेल्यांत गाव सुटलं तेव्हा जन्मलेलेही नव्हते असे किती असतील? धरण १०३ मीटर उंच, प्रकल्पाची वीज अमुक मेगावॉट, हे शाळेत पाठ करून घेतलं होतं, अभिमानाने. गावांची यादी कधी पाठ करायला सांगितली नाही. एवढं लिहून प्रस्तुत लेखकाला राग आला आहे, तो कुणावर काढावा हे न कळल्यामुळे तो पुन्हा विमानाकडे वळतो.

कारण आई बोट ठेवून सांगत असतानाच नेमकी वीज गेली. वाऱ्याने कुठेतरी तारेवर झाड पडलं असावं, पावसाळ्यात इथे ते रोजचंच. घर काळोखात बुडालं. पडदा तेवढा उजळ राहिला आणि टेबलाखालून यूपीएस ‘टी, टी’ ओरडू लागला.

“प्याट्रोल सपलं का रं?”

“होय. चार मिनिटांचं आहे.”

“मग घाल की हितंच खाली. उताराला पाणी गुडघ्याएवढंच असतंय.”

आज तिथे किती पुरुष पाणी आहे, ते प्रस्तुत लेखकाने सांगितलं नाही. त्याने इंजिनाचा जोर कमी केला, फ्लॅप सोडले. हजार फूट. सहाशे. वासोटा उजवीकडे उंच उंच होत गेला. आई दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसली होती. तीनशे. यूपीएसची ओरड लांबट झाली. दीडशे फुटांवर पडदा विझला.

पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता.

“पोचलो का?” आईने विचारलं.

दुसऱ्या दिवशी प्रस्तुत लेखकाने २७ इंचीचा विषय कायमचा मिटवला आणि लॅमिंग्टन रोडला फोन करून मोठ्या यूपीएसचा भाव विचारला. किती मिनिटांचा बॅकअप हवा, असं दुकानदाराने विचारलं. महाबळेश्वरहून वासोट्यापर्यंत जाऊन खाली उतरायला जेवढी लागतात तेवढी, हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. वीसएक मिनिटं, प्रस्तुत लेखक म्हणाला.

“एवढी कशाला लागतात, साहेब?”

“बुकिंगसाठी.”